सहा, आठ, बारा, चौदा, अठरा

सकाळी सव्वासातला फोन आला, तेव्हा कौसल्या शहागडच्या घाटावरून, गोदावरीच्या म्हणजे तिथल्या लोकांच्या गंगेच्या काठावरून, घराकडं निघाली होती.

"आत्या, मला चोर ठरवून राह्यले."

"कोण?"

"कॉलेजातले. चार वाजेपर्यंत कबुलीपत्रावर सही मागितली. न्हाई केली तर गोव्याच्या संस्थेला कळवणार. मंग परत मला कुणी प्रयोगशाळेत उभं करणार न्हाई."

"तू केलंस का?"

"न्हाई."

"मंग सही करू नको. काय चोरलं म्हणतेत?"

"गाळ. समुद्राच्या तळाचा. पाच बाटल्यांतला काढून गंगेचा गाळ भरला म्हणतेत. शहागडची कोण? मी. संपली चौकशी!"

कौसल्या साळवे अठ्ठावीस वर्षं पोलीस खात्यात होती. सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाली, त्याला दोन वर्षं होत आली. प्रीती तिच्या भावाची मुलगी.

ती परत चार पायऱ्या उतरली. काठावरचा मूठभर ओला गाळ तिनं प्लास्टिकच्या पिशवीत भरला, गाठ मारली आणि जालन्याची बस धरली.

वनस्पतिशास्त्र विभाग मागच्या इमारतीत होता. खिडकीबाहेर कुमुदिनीचं सिमेंटचं टाकं, आत लांब टेबल, दोन सूक्ष्मदर्शक, कोपऱ्यात फ्रीज. प्रीतीचे डोळे सुजलेले होते, पण आवाज ताठ होता.

"नीट सांग. मला शाळेतल्या पोरीसारखं सांग," कौसल्या म्हणाली.

"दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्राच्या तळात लांब नळी घालून गाळ काढतेत. जितका खोल, तितका जुना. त्या गाळात डायटम असतेत. एका पेशीचं शेवाळ, वर काचेसारखं कवच. मेलं तरी कवच राहतं. काही जाती बर्फाच्या आसऱ्यानं वाढतेत, काही उघड्या पाण्यात. कुठल्या थरात कोणती कवचं किती, हे मोजलं की त्या काळात समुद्रावर बर्फ किती होता ते कळतं."

"आणि तुमच्याकडं किती थर?"

"वीस. गोव्याच्या संस्थेनं पाठवलेल्या वीस बाटल्या. विषम नंबर माझे, सम नंबर माझ्याबरोबरच्या अंगदचे. एका थराच्या तीन स्लाइड करायच्या, त्यावर कवचं मोजायची."

"बदललेल्या कोणत्या?"

"सहा, आठ, बारा, चौदा, अठरा."

"म्हणजे सगळ्या त्याच्या."

"म्हणून तर! पुढल्या महिन्यात कायम जागेची मुलाखत हाय. उमेदवार आम्ही दोघंच. मी जळून त्याचं काम बुडवलं म्हणतेत."

"सापडलं कसं?"

"पुढल्या आठवड्यात गोव्याचे लोक फेरमोजणीला येणार. काल अंगदनं बाटल्या तपासायला काढल्या. पाच बाटल्यांना नदीचा वास आला म्हणून ओरडला."

अंगद शेजूळ लगेच भेटला. नीटनेटका, मऊ बोलणारा. त्यानं कौसल्याला खुर्ची दिली, चहा मागवला.

"मावशी, मला प्रीतीवर आरोप करायचा नाही. पण माझं दीड वर्ष पाण्यात गेलं."

"फ्रीजची किल्ली?"

"मालनबाईंच्या खणात. आम्ही दोघं, मालनबाई, आमचे प्रमुख बोरा सर. चौघंही घेऊ शकतो."

"बाटल्या गेल्या, पण स्लाइड असतील ना? त्यावर खरा गाळ हाय."

अंगदनं सुस्कारा सोडला. "तेच तर! माझा स्लाइडचा डबा बघा. त्याच पाच थरांच्या पंधरा स्लाइड गायब. करणाऱ्यानं काहीच शिल्लक ठेवलं नाही."

"तुम्ही सगळ्या बनवल्या होत्या?"

"तीसच्या तीस. डोळे फुटायची वेळ आली."

"साध्या काचांवर?"

"छे! गोव्याहून आलेल्या पातळ काचांवर. दुसऱ्या इथं चालतच नाहीत."

कौसल्यानं डायरीत तसंच लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं. अंगदनं मान डोलावली.

मालनबाई प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या. बाविसाव्या वर्षी लागल्या, आता पंचावन्न. त्या सिंकपाशी नळ्या धुत होत्या.

"माझ्यावर पण संशय हाय म्हणे," त्या न वळता म्हणाल्या. "बोरा सर काल म्हणले, किल्ली तुमच्याकडं. म्हणलं, किल्ली माझ्याकडं हाय म्हणूनच तुमचं कपाट शाबूत हाय."

"बाई, इथल्या वस्तूंची नोंद कोण ठेवतं?"

"मीच. फुटकी नळी बी लिहून ठेवते. गोव्याच्या सामानाची तर लई कटकट. दोन डबे आल्ते काचांचे, पन्नास-पन्नासचे. एकेक काच सही घेऊन द्यायची. पहिल्या डब्यात पाच उरल्यात. दुसऱ्याचं सील अजून फोडलं न्हाई."

"दाखवता?"

मालनबाईंनी कपाट उघडलं. एक डबा उघडा, आत पाच काचा. दुसऱ्यावर चिकटपट्टी जशीच्या तशी.

कौसल्यानं काचा मोजल्या आणि आकडा डायरीत लिहिला. मग खिडकीशी गेली.

"प्रीती, बाहेरच्या टाक्यातला चमचाभर गाळ आण. आणि ही माझी पिशवी घे. हा शहागडचा गाळ, आज सकाळचा."

कॉलेजच्या साध्या तीन काचा तयार झाल्या. एक बदललेल्या बाटलीतली, एक गंगेची, एक टाक्याची. प्रीतीनं आधी गंगेची लावली.

"ही बघ आत्या. नावेसारखी कवचं, दगडाला चिकटून राहणारी. वाहत्या पाण्यातली. आणि वाळूचे कण."

दुसरी लावली आणि ती थबकली.

"काय झालं?"

"हे बाटलीतलं. ह्यात वाळू न्हाईच. लांब साखळ्या हायत, साचल्या पाण्यात तरंगणाऱ्या. आणि हे… हे डायटम न्हाई."

कौसल्यानं डोळा लावला. काळ्या पार्श्वभूमीवर काचेसारखी चांदणी दिसत होती. टोकदार, पाच-सहा हातांची.

"कुमुदिनीच्या पानात असल्या पेशी असतेत. पान कुजलं तरी ह्या टिकतेत. पहिल्या वर्षाच्या पोरांना आम्ही हेच दाखवतो."

तिनं तिसरी काच लावली. टाक्यातला गाळ. त्याच साखळ्या, त्याच चांदण्या.

प्रीती ताडकन उठली. "गंगेचा गाळ न्हाईच हा! खिडकीबाहेरचा हाय. आणि मला शहागडवरून चोर ठरवलं!"

"बस खाली," कौसल्या म्हणाली. "हे अर्धंच झालं."

चार वाजता विभागप्रमुख डॉ. मदनलाल बोरा यांच्या खोलीत सगळे जमले. बोरा सर निवृत्तीला आलेले. टेबलावर कबुलीपत्र आणि पेन.

"देखो बाई, प्रकरण बिलकुल साधं आहे," ते म्हणाले. "पोरगी हुशार आहे, चूक झाली. सही केली तर मी शब्द टाकीन. कॉलेजची बदनामी नको."

"चूक झाली न्हाई, तर सही कशाची?" प्रीती म्हणाली. "सर, तुम्ही मला एकदा तरी विचारलं का? गावाचं नाव विचारलं आणि निकाल दिला."

कौसल्यानं काचा पुढं केल्या आणि गाळ कुठला ते सांगितलं. सरांनी स्वतः सूक्ष्मदर्शकात पाहिलं. चेहरा बदलला.

"टाक्यातला गाळ प्रीतीलाही घेता येतो," अंगद शांतपणे म्हणाला.

"बराबर. म्हणून मी गाळावर थांबले न्हाई," कौसल्या म्हणाली. "मालनबाई, डबे आणा."

दोन्ही डबे टेबलावर आले.

"सर, थर वीस. एका थराला तीन स्लाइड. किती झाल्या?"

"साठ."

"गोव्याच्या काचा सोडून दुसऱ्या इथं चालत न्हाईत. हे अंगदनंच सांगितलं, मी लिहून वाचून दाखवलंय. बराबर ना, अंगद?"

अंगदची नजर डब्यांवर गेली.

"पहिल्या डब्यात पन्नास काचा होत्या. त्यातल्या पाच शिल्लक. दुसऱ्याचं सील तुम्ही स्वतः बघा. म्हणजे वापरल्या पंचेचाळीस. प्रीतीच्या डब्यात तीस स्लाइड आज बी हायत, मोजा. मंग अंगदला उरल्या पंधरा. त्याच्या डब्यात आत्ता किती हायत?"

मालनबाईंनी अंगदचा डबा उघडला. "पंधरा."

"चोरीला गेलेल्या पंधरा कशावर केल्या होत्या? हवेवर?"

मालनबाईंनी डब्याचं झाकण लावलं.

"त्या चोरीला गेल्याच न्हाईत," कौसल्या म्हणाली. "त्या कधी बनल्याच न्हाईत. ह्यानं दहा थरांपैकी पाचच मोजले. बाकी पाचांचे आकडे मनानं लिहिले. गोव्याचे लोक फेरमोजणीला येणार कळलं, तेव्हा भीती वाटली. खरा गाळ राहिला तर खोटे आकडे उघडे पडणार. म्हणून बाटल्या रिकाम्या केल्या, टाक्यातला गाळ भरला आणि स्वतःच बोंब मारली. ज्याचं नुकसान झालं, त्याच्यावर कोण संशय घेणार? आळ शहागडच्या पोरीवर ढकलायला सोपं."

"खोटं आहे," अंगद म्हणाला. पण आवाज मऊ राहिला नव्हता.

"मंग एकच सांग," प्रीती म्हणाली. "सहाव्या थराचा आकडा कसा काढलास?"

तो टेबलावरचं पेन सरकवू लागला.

"मी सांगते. माझा पाचवा आणि सातवा घेतलास, बेरीज केलीस, अर्धं केलंस. तुझी नोंदवही मी दुपारी काढून बघितली. पाचही थरांचं तेच."

अंगद खुर्चीत मागं टेकला. "फार फरक पडणार नव्हता," तो पुटपुटला. "वर बर्फ, खाली बर्फ, मध्ये काय वेगळं असणार? मला फक्त वेळ हवा होता. मुलाखत होईपर्यंत. नवा गाळ यायला वर्ष गेलं असतं, तोवर आकडे कुणी तपासले नसते."

"समुद्र काय तुझ्या अंदाजानं गोठतो?"

बोरा सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"प्रीती, जे झालं ते वाईट झालं. अंगद आज राजीनामा देईल. आपण गोव्याला लिहू की फ्रीज बिघडला, पाच नमुने खराब झाले. तुझं नाव साफ, कॉलेजचं नाव साफ. मुलाखतीला तू एकटीच."

अंगदनं आशेनं वर पाहिलं. मालनबाईंनी कौसल्याकडं पाहिलं. कौसल्यानं डायरी मिटली. हे उत्तर तिचं नव्हतं.

"न्हाई सर," प्रीती म्हणाली. "काल खोट्यावर माझं नाव लिहायला निघालात. आज खोट्यावर फ्रीजचं नाव लिहू म्हणता. मला जागा पाहिजे, पण अशी न्हाई. जे घडलं, तेच जाईल. तुम्ही लिहा, न्हाईतर मी लिहिते."

"मुलाखत लांबेल. चौकशी होईल. सगळ्यांचीच."

"होऊ द्या."

"आणि माझी बी," मालनबाई मध्येच म्हणाल्या. "माझ्या वह्या तयार हायत."

बोरा सरांनी कबुलीपत्र बाजूला सारलं. मग त्यांनी संगणक स्वतःकडं ओढला आणि प्रीतीला विचारून विचारून पत्र लिहिलं. तारीख, बाटल्यांचे नंबर, काचांचा हिशेब, अंगदचं नाव. शेवटी विनंती केली, की नळीतला गाळ काढताना त्याचा जो अर्धा भाग गोव्याच्या थंड खोलीत राखून ठेवला आहे, त्यातून त्या पाच थरांचे नवे नमुने प्रीती साळवे यांना द्यावेत.

चौकशी पाच महिने चालली. अंगदची नेमणूक रद्द झाली. कायम जागा अजून भरलेली नाही. प्रीती तासिकेवर शिकवते आणि विचारणाऱ्याला तसंच सांगते, लाजत नाही.

जानेवारीत गोव्याहून पाच बाटल्या आल्या. मालनबाईंनी दुसऱ्या डब्याचं सील फोडलं आणि पंधरा काचा सही घेऊन दिल्या.

सहावा थर अंगदच्या अंदाजाजवळ निघाला. आठवा आणि अठरावाही. बाराव्यापाशी प्रीती थांबली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. चौदाव्याला तिनं तीनही स्लाइड दोनदा मोजल्या.

दुपारी तिनं शहागडला फोन लावला.

"आत्या, बाराव्या आणि चौदाव्या थरात बर्फावरचं शेवाळ जवळजवळ न्हाईच. सगळी उघड्या पाण्यातली कवचं. त्यानं जिथं बर्फ लिहिला, तिथं त्या काळी समुद्र मोकळा होता."

"पक्कं?"

"दोनदा मोजलं. उद्या मालनबाईंना स्लाइडवरचे नंबर झाकून द्यायला सांगते आणि थर कोणता ते न कळता तिसऱ्यांदा मोजते. कुणी बोट दाखवायला नको."

"आणि तिसऱ्यांदा बी तेच निघालं तर?"

"मंग सगळ्या जगाला सांगणार," प्रीती म्हणाली, आणि पुढची काच उचलली.