आजीच्या आवाजावरचा ओरखडा

"मधू, इकडे बघ... बघ... बघ..." आजीचा आवाज पुन्हा तिथेच अडकला.

ऋजुताने आईकडे पाहिलं. मधू हे आईचंच नाव. आई तान्ही असतानाच आजी गेली होती. तिचा आवाज आईला आठवतही नव्हता. त्या सकाळी माळा आवरताना ही सीडी सापडली आणि आबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, कुठूनसा एक जुना प्लेअर पैदा केला.

"राहू द्या, बाबा," आई म्हणाली आणि आत निघून गेली.

"पण नेमकं तिथेच का अडकतं?" ऋजुताने विचारलं.

आबा प्रकाशाचे शास्त्रज्ञ. त्यांनी चकती उन्हात तिरपी धरली. "हा ओरखडा बघ. प्लेअरमधला लेसर (अगदी बारीक प्रकाशझोत) खालून, पारदर्शक प्लॅस्टिकमधून आत शिरतो. आवाज लिहिलाय तो पार वर, लेबलच्या लगत, सूक्ष्म खळग्यांमध्ये. ओरखड्यावर प्रकाश भलतीकडेच वळतो."

"म्हणजे आवाज पुसला गेला नाही?"

"नाही गं. खिडकीची काच खरवडली म्हणून बाहेरचं झाड मोडतं का?"

चिमण, घरातला यंत्रमानव, लगेच पुढे सरसावला. "मी गोल गोल घासून देतो!"

"थांब!" आबा जवळजवळ ओरडलेच. "मधून कडेकडे, सरळ घासायचं. खळग्यांची वाट गोल असते. त्या वाटेने नवा चरा पडला तर सलग पुष्कळ माहिती जाते. आडवा पडला तर प्रत्येक फेरीत जराशीच, आणि तेवढी प्लेअर भरून काढतो. कारण माहिती लिहितानाच विखरून, जास्तीच्या खुणांसकट लिहिलेली असते. याला त्रुटिसुधारणा (उरलेल्यावरून हरवलेलं शोधणं) म्हणतात. मंगळावरच्या वसाहतीचे संदेशही याच युक्तीने आपल्यापर्यंत धड पोचतात."

आबांनी चकती ऋजुताच्या हातात दिली. तिने मऊ सुती फडक्यावर पांढरी टूथपेस्ट घेतली आणि चऱ्याच्या कडा हलकेच गुळगुळीत केल्या. चकती धुतली, टिपली, लावली. पुन्हा अडकली! ती रडवेली झाली, पण आबांनी नुसतं फडकं पुढे केलं. तिने परत घासायला घेतलं.

या वेळी आवाज अडखळला आणि पुढे सरकला. "इकडे बघ, तुझे बाबा कसे नाचतायत!" आणि आजी खळखळून हसली.

आई दारात उभी होती. "बाबा, तुम्ही नाचायचात?"

आबा लाजले. मग तिघंही हसत सुटले, डोळे पुसत.

"चिमण, आधी याची प्रत काढ," ऋजुता म्हणाली. "आणि आई, आता तू बोल. तुझाही आवाज जपून ठेवू."

"कुणासाठी गं?"

"जे अजून जन्मायचेत, त्यांच्यासाठी."

आईने घसा साफ केला.