ठिगळाची कड

सज्ज्याचा पडलेला तुकडा प्रयोगशाळेत आला, तेव्हा तिने नेहमीसारखी नोंद केली: लांबी चार फूट, सळया गंजलेल्या, मधोमध दोन वर्षांपूर्वीची दुरुस्ती. ती दुरुस्ती तिच्या गवंडी नवऱ्याच्या हातची. गेल्या महिन्यात तो हाच सज्जा पुन्हा बघायला गेला आणि त्याच्याखालीच सापडून मेला. लोक म्हणाले, कच्चं काम केलं, स्वतःच भोगलं.

"ताई, हे दुसऱ्या कुणाला देऊ का?" साहेबांनी विचारलं.

"नको. खोट असली तर मीच लिहीन."

तिने हातोडीने ठोकून पाहिलं. दुरुस्तीचं ठिगळ खणखणीत वाजलं. कडेबाहेरचं जुनं काँक्रीट मात्र बद्द; गंज तिथे माजला होता. दुरुस्तीच्या वेळी नवरा म्हणाला होताच, "जुनं अजून हातभर फोडायला हवं गं, मालक ऐकत नाही." तेव्हा तिने कपड्यांच्या घड्या घालता घालता नुसतं हूं केलं होतं.

सोमवारी तिने ठिगळाच्या कडेने खडूची रेघ मारली. मंगळवारी ठिगळ रेघेबाहेर दोन बोटं आलेलं.

"खडू पुसला असेल," साहेब म्हणाले.

मग तिने खिळ्याने ओरखडा काढला. बुधवारी तोही ओल्या गिलाव्याखाली गेला. वर थापीचे फटकारे, डावखुऱ्या हाताचे, त्याच्यासारखेच. खोलीची किल्ली तिच्याकडेच होती.

तिने तळहात टेकवला. गार लागलं.

"राहू दे आता," ती पुटपुटली. "दमला असशील."

शुक्रवारी ठिगळाने तुकडा कडेपर्यंत भरला होता. सोमवारच्या नोंदींवरून तिने अहवाल लिहिला: दुरुस्ती निर्दोष, दोष न फोडलेल्या जुन्या काँक्रीटचा. सही केली आणि महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर रडली. संध्याकाळी तुकडा गाडीत घालून नेला.

पुढच्या आठवड्यात, दुपारच्या चहाला, तिची नजर प्रयोगशाळेच्या मधल्या खांबावर गेली. तळहाताएवढं ओलं ठिगळ.

तिने भोवती ठोकलं. बद्द. वर बद्द. खाली बद्द.

"साहेब, सगळ्यांना बाहेर काढा. आत्ता."

खुर्च्या सरकल्या, माणसं धावली. तिने खांबाला कान लावला.

आत थापी चालली होती. घाईघाईने.