दिलं की घेतलं

अंगद मास्तरांना आपण लिहीत असलेल्या कादंबरीतून एकच गोष्ट मिळवायची होती: मुलगी संस्कृतीच्या शिक्षिका म्हणून नेमणुकीचा आदेश. शाळा विजयसिंहांची आणि कादंबरीचा नायकही त्यांचाच पणजोबा, भारत. पहिल्या महायुद्धात तो इंग्रजांकडून इराकच्या वाळवंटात, कूतला लढला. लढला म्हणजे मेलेल्यांचे बूट विकले, पत्त्यांत गोऱ्यांना गंडवलं आणि मधल्या वेळात संगीन चालवली. मास्तरांना गडी आवडला होता.

अडलं होतं एका शब्दावर. कूतच्या वेढ्यात भारतनं सोबतच्या सिद्धेश्वरचा गळा चिरून त्याची पाण्याची छागल पळवली होती. धर्मापुरीत सिद्धेश्वरची पणती दानम्मा अजून त्याच्यासाठी उंबऱ्यावर पोचे पडलेला तांब्या भरून ठेवी. घरातलं कुणी त्याला शिवत नसे.

"विजयसिंह साहेब म्हणतात, सिद्धेश्वरनं पाणी दिलं असं लिहा," मास्तर दानम्माला चाचरत म्हणाले.

"कावून? घेतलं म्हना, मास्तर. हिसकलेलं गेलं ते गेलं. दिलेलं मातुर मानूस परत मागाया येतंय."

मास्तर हसले. घरी येऊन त्यांनी 'दिलं' लिहिलं.

सकाळी कागदांवर कण होते. वीजकेंद्राच्या परळीत राख कुठं नसते? त्यांनी फुंकर मारली. हलले नाहीत. राख करडी असते. हे पिवळे होते, जाड. त्या आठवड्यात सकाळी भरलेला माठ दुपारी कोरडा पडू लागला. पाझरत असेल म्हणून मास्तरांनी नवा आणला.

प्रकाशन भर दुपारी होतं. विजयसिंहांनी आधी संस्कृतीला आदेश दिला, मग पुस्तक उघडलं.

"सिद्धेश्वरनं आपल्या हातानं पाणी दिलं..."

आवाज चिरकला. त्यांनी सीलबंद बाटली फोडली. रिकामी.

दुसरीही.

"पाणी आन बे कुनी तरी."

त्यांचा गळा उघडला. या कानापासून त्या कानापर्यंत.

जवळ कुणी नव्हतं. सुरी नव्हती. रक्त पहिल्या रांगेवर उडालं आणि त्याच्यामागून वाळू आली, बराच वेळ.

मास्तर संस्कृतीला घेऊन घरी आले. उंबऱ्यावर पोचे पडलेला तांब्या होता, काठोकाठ भरलेला. दानम्माचा. मास्तर तो ओळखेपर्यंत संस्कृतीनं तोंडाला लावला होता.

"कुणी दिलं हो हे, बाबा?"

पाणी प्यायला भारत. गळा गेला विजयसिंहांचा. शब्द मात्र मास्तरांनी लिहिला होता आणि लिहिला होता तिच्यासाठी.

संस्कृतीनं तांब्या संपवला. मग माठ.

"बाबा, अजून," ती म्हणाली. तिच्या दातांखाली काहीतरी करकरलं.