न धुतलेले हात

"मामा, ताबडतोब वर या. मंगळसूत्र गेलंय."

फोनवर भाची होती, आणि भाची म्हणजे आजची नवरी. फौजदारांनी हातातला चहा तसाच ठेवून जिना गाठला. नोकरीत चोऱ्या पुष्कळ पाहिल्या होत्या, पण घरच्या कार्यातही फौजदारकी करावी लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं. मुहूर्त तर तोंडावर आलेला.

नवरीच्या खोलीतली वीज गेली होती. बायका पदरानं वारा घेत दाटीवाटीनं उभ्या होत्या. पलंगावर सासरकडून आलेल्या दागिन्यांचं ताट, ताटात पांढऱ्या मखमलीची डबी. डबी रिकामी.

कोपऱ्यातल्या स्टुलावर परदेशी पाहुणी होती, नवरीची तिकडच्या ऑफिसातली मैत्रीण. मेंदीनं माखलेले दोन्ही हात वर धरून ती बसली होती.

नवरदेवाचे वडील दारातच होते. "चोर समोर बसलाय. पोलीस बोलवा, नाहीतर आम्ही वऱ्हाड घेऊन परत निघालो."

"पोलीस आलेत," फौजदार म्हणाले. "मला जरा बोलू द्या."

नवरीचं रडून रडून काजळ पसरलं होतं. ती पाळण्यात असतानाच तिची आई गेली. वाढवलं आत्यानं. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली ही आत्या आता उंबऱ्याबाहेर उभी होती, गळ्याभोवती पदर घट्ट लपेटून.

"शेवटचं कधी पाहिलंस?" फौजदारांनी भाचीला विचारलं.

"पूजेला खाली गेले तेव्हा. डबीतच होतं. मागं ही एकटीच होती. पण मामा, हिनं नाही घेतलं."

"कशावरून?"

"मी ओळखते हिला."

हा काही पुरावा नव्हता. फौजदार आत्याकडे वळले.

"मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं," आत्या म्हणाली. "तिनं डबी उचलली, मंगळसूत्र काढलं, डबी परत ठेवली."

"कुठून पाहिलंत, ताई?"

"इथूनच. शुभकार्याच्या खोलीत मी पाय ठेवत नाही, माहीत आहे तुम्हाला."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"वाटलं, नुसतं बघत असेल. पाहुणी माणूस."

फौजदार पाहुणीसमोर बसले. नवरीकडून शिकलेलं मराठी ती शब्द शब्द जुळवून बोलत होती.

"तुम्ही कुठं होता?"

"गॅलरीत. उन्हात हात सुकवत होते. खाली बँड वाजत होता, मला काही ऐकू आलं नाही."

"मेंदी कधी काढली?"

"आज सकाळी. माझं विमान उशिरा आलं. मेंदीवाल्या बाई म्हणाल्या, कुणी सांगेपर्यंत धुवायची नाही." तिनं हात पुढं धरले. "अजून कुणी सांगितलं नाही. माझं काही चुकलं का?"

पाहुणा म्हणजे देव, असं आपण उठताबसता म्हणतो. या देवाला सकाळपासून कुणी पाणीही विचारलं नव्हतं.

फौजदारांनी तिचे हात निरखून पाहिले. मग डबी खिडकीपाशी नेऊन उलटीपालटी केली. "झडती झाली सगळ्यांची?"

"पर्सा, पिशव्या, कंबरेच्या कनवटीसुद्धा बघितल्या," नवरीची काकू म्हणाली. "फक्त ताईंची नाही घेतली. त्या असल्या गोष्टींना हातही लावत नाहीत."

फौजदारांनी निःश्वास सोडला. त्यांना हे बोलायचं नव्हतं.

"मेंदी या पोरीच्या बोटांच्या टोकांपर्यंत आहे," ते म्हणाले. "ओल्या हातानं डबी उचलली असती, तर या पांढऱ्या मखमलीला डाग पडला असता. वाळल्या हातानं उचलली असती, तर पोपडे गळाले असते. डबी कोरी आहे आणि हातावरची एक रेघ मोडलेली नाही. म्हणजे ताई, तुम्ही पाहिलं म्हणता, ते घडलेलंच नाही."

आत्यानं पदर आणखी घट्ट ओढला.

"विधवेनं मंगळसूत्राला शिवायचं नाही, हे आपणच ठरवलं. म्हणून ताईंवर संशय घ्यावा हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ही चूक आपणच करू शकतो. आणि या उकाड्यात सगळ्यांचे पदर वारा घेताहेत, तुमचा मात्र गळ्याशी आवळलेला. ताई, पदर सोडा."

पदर खाली आला. आत्याच्या गळ्यात काळे मणी होते.

"विधवेच्या गळ्याकडे कोण बघतंय," ती पुटपुटली. "मला सोनं नको होतं, मामा. हा मुहूर्त चुकला असता, तर पुढचा पावसाळ्यानंतर. तेवढे दिवस तरी पोर घरात राहिली असती. आता नवऱ्याबरोबर कायमची तिकडं जाणार. माझं मढं उठवायला तरी येईल की नाही कोण जाणे." तिनं पाहुणीकडे पाहिलं. "तिकडची नोकरी हिनंच लावून दिली. माझं खरंच चोरलंय हिनं."

नवरी हमसून हमसून रडायला लागली.

"हे आता चालायचं नाही," नवरदेवाचे वडील म्हणाले. "विधवेच्या गळ्यातलं मंगळसूत्र. अपशकुन आहे हा. दुसरं आणा."

"दुसरं नको." नवरीनं डोळे पुसले. "हिनं मला न्हाऊमाखू घातलं, भरवलं. तेव्हा कुणाला अपशकुन दिसला नाही. मी हेच घालणार. नाहीतर वऱ्हाड खुशाल परत न्या."

खालून गुरुजींची हाक आली. नवरदेवाच्या वडिलांनी फौजदारांकडे पाहिलं, मग रिकाम्या डबीकडे. "लवकर आटपा," एवढं बोलून ते जिना उतरले.

आत्या मंगळसूत्राचा मानेमागचा फासा सोडवायला गेली, पण तो केसांत अडकला होता, सुटेना.

"मी सोडवते," पाहुणी म्हणाली. मग वर धरलेल्या हातांकडे पाहून तिनं विचारलं, "पण आता मी हात धुऊ का?"

आत्या सगळ्यांदेखत उंबरा ओलांडून आत आली. तिनं पाहुणीला मनगटाला धरून बेसिनपाशी नेलं, आधी ग्लासभर पाणी स्वतःच्या हातानं पाजलं आणि मग एकेक बोट चोळून मेंदी काढली.

"एवढा रंग नवरीलाही नाही चढला," शेवटी आत्या म्हणाली, आणि तिनं मान पुढं केली.

त्या लालभडक बोटांनी फासा सोडवला.