विरुद्ध बाजूचा वकील

"अहो मॅडम, टॉवरला डोंगरावरची जागा मिळाली तरी आपली कंपनी खूशच आहे की! पण ते आधीच कशाला बोलू? बैठकीत मी झऱ्याजवळचीच मागणार!"

फोनवर खळखळून हसत मोएलांगी वळली... तर मागे एक उंच तरुण उभा. पांढरा सदरा, कमरेला लुंगीसारखा गुंडाळलेला करडा लावालावा, केसांवर पावसाचे बारीक थेंब.

सवाई नावाच्या बेटावरच्या या गावात फोन लागायचा तो फक्त किनाऱ्याच्या काळ्या खडकावर. तिथं कुणी ना कुणी ताटकळत असायचंच.

"या ना, झालं माझं," ती सरकली. खडक तो केवढासा! त्याचा दंड तिच्या खांद्याला निसटता लागला.

पण तो फोन लावेना. कसनुसा चेहरा करून बघत राहिला.

"एक सांगायचंय... मी सगळं ऐकलं."

"अच्छा! चोरून ऐकायची सवय दिसतेय."

"चोरून कशाला? तुमचा आवाज पलीकडच्या बेटावर गेला असेल!" तो हसला, मग एकदम गंभीर झाला. "मी एतुआले. उद्याच्या बैठकीत गावाचा वकील – मीच."

मोएलांगी होती कंपनीची वकील. फोन, रेडिओ, इंटरनेटवाल्या कंपन्यांची कामं करणाऱ्या राजधानी आपियातल्या ऑफिसानं तिला एकटीला दिलेलं हे पहिलंच काम. आणि आपल्या अशिलाचं गुपित तिनं विरुद्ध बाजूच्या वकिलाच्या कानात ओतलं होतं!

"मग... आता काय करणार तुम्ही?"

"काही नाही. जे ऐकलं ते वापरणार नाही. पण ऐकलंय हे तुमच्यापासून लपवणं मला जमलं नसतं."

एवढं बोलून तो निघून गेला. त्याचा फोन करायचा राहिलाच.

हा माणूस आहे तरी कसा? सरळ, की पक्का बेरकी? जेवताना उकडलेला तारोचा कंद तिच्या हातात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी गावाच्या सभाघरात खांबांना टेकून सगळे कुळप्रमुख मांडी घालून बसले. मोएलांगीनं झऱ्याजवळची जागा मागितली.

"पोरी, त्या झऱ्याचं पाणी सगळं गाव पितं," सर्वांत वयस्कर कुळप्रमुख म्हणाले.

तिनं एतुआलेकडे पाहिलं. 'कंपनीला डोंगर चालतो' – एवढं एक वाक्य एतुआलेनं टाकलं असतं तर खेळ संपला असता. पण तो खोदकामानं पाणी कसं गढूळ होईल तेच शांतपणे सांगत राहिला. तिच्याकडे चुकूनही न बघता. कान मात्र लालबुंद!

"टॉवरच नको आम्हाला!" कुणीतरी ओरडलं. "आणि हा आपला वकील असा मिळमिळीत का? शिकून आला, तोंड तिकडंच विसरला!"

सगळे हसले. एतुआलेनं मान खाली घातली.

ते मात्र मोएलांगीला बघवेना. थोडा वेळ मागून ती थेट खडकावर गेली आणि ऑफिसातल्या मॅडमना फोन करून सगळं सांगून टाकलं.

"गाढवपणा केलास," मॅडम म्हणाल्या.

"केला. पण गाव बिथरलंय, मॅडम. झरा धरून बसलो तर डोंगरही जाईल. कंपनीला विचारता?"

मॅडमनी विचारलं. कंपनीनं होकार दिला. "आणि पुढच्या वेळी जरा कुजबुजत बोल," त्यांनी बजावलं.

झरा वाचला म्हणताच गावही निवळलं; दुपारपर्यंत डोंगरावरची जागा ठरली, सह्या झाल्या. एतुआले वाटीतून गरम कोको घेऊन तिच्याजवळ आला.

"आता तरी सांगा," तिनं विचारलं, "सगळ्यांसमोर बोलणी खाल्लीत... एका शब्दात जिंकला असतात."

"जिंकलो असतो हो. पण मग तुम्ही आयुष्यभर माझ्याशी शब्द मोजून बोलला असतात."

"आयुष्यभर?" तिच्या भुवया उंचावल्या.

तो गडबडला. "म्हणजे... काम चालू होतं तोवर हे बोलायचं नव्हतं. विरुद्ध बाजू होती ना..."

"आता नाही." कोकोच्या घोटानं तिचा ओठ चटकन भाजला, पण वाटी काही तिनं खाली ठेवली नाही. "उद्याच्या बोटीनं मी आपियाला चाललेय."

"ठाऊक आहे."

"मग विचार ना काहीतरी! वकील ना तू?"

तिच्या तोंडून निसटलेल्या त्या 'तू'नं त्याचा चेहरा असा उजळला, की तिला हसूच फुटलं.

"परत कधी येशील?" त्यानं हळूच विचारलं.

मोएलांगीनं नजर उचलली.

"तू न्यायला येशील तेव्हा."