कातळातले नऊ बार

नदी मंगळवारी सकाळी थांबली आणि शुक्रवारी तिघं तिला सोडवायला निघाले.

वरच्या अरुंद घळीत डोंगराची एक अख्खी कूस कोसळली होती आणि नदीचा गळाच आवळला गेला होता. गावाचा पंप आधी गुरगुरला, मग धापा टाकू लागला, मग गप्प झाला. पंपघराची फरशी चौतीस वर्षांत पहिल्यांदा कोरडी पडली. तिथला पंपवाला मामा त्या कोरड्या फरशीकडे असा बघत बसला होता, जसं कुणी रिकाम्या खाटेकडे बघावं.

मामाची भाची दगडखाणीत सुरुंग लावायची. खाणीत तिला सगळे ठिणगी म्हणत. बावीस वर्षांत तिनं हजारो बार उडवले होते आणि डाव्या हाताची करंगळी तेवढी गमावली होती. तिसरे होते पाणीखात्याचे साहेब, मूळचे याच गावचे. त्यांनी नकाशावर पेन्सिल टेकवून सांगितलं, "ढिगाऱ्याच्या पायथ्याशी बार घालायचा. ढिगारा फुटला की नदी आपोआप घरी येईल."

बोलायला काय जातं! प्रत्यक्षात पहिला दिवस कोरड्या पात्रातल्या शेवाळलेल्या गोट्यांवरून घसरण्यातच गेला. उरलेल्या डबक्यांत मासे तडफडत होते. दुसऱ्या दिवशी दोन्ही कडे जवळ आले, आकाशाची चिंधी झाली आणि वाट संपली. पुढे होती ती नुसती मुरमाची घसरण, पाऊल टाकलं की चार हात खाली नेणारी.

"दोर कमरेला बांधा, साहेब," ठिणगी म्हणाली.

"अहो बाई, मी काय लहान आहे?"

तेवढ्यात पायाखालचा मुरूम हलला. साहेब सटकले! ठिणगीनं झेप घेतली, त्यांच्या कोटाची कॉलर पकडली, टाच एका खडकाच्या खाचेत रोवली. कोट फाटला, पण साहेब थांबले. त्यांच्या पाठीवरचं ओझं मात्र सुटून, आपटत, गडगडत खोल दरीत गेलं. निम्म्याहून जास्त सुरुंगाच्या कांड्या त्यात होत्या. उरल्या अकरा.

साहेबांनी मुकाट्यानं दोर कमरेला बांधला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते ढिगाऱ्यापाशी पोचले. दगड, माती आणि मुळासकट उपटलेली झाडं यांची ती टेकडीच होती. पायथ्यातून गढूळ पाणी पाझरत होतं. ठिणगीनं त्या पाण्यात हात बुडवला, बोटांवर आलेली माती चोळून बघितली आणि ती वर चढू लागली. माथ्यावर पोचताच ती जागीच थबकली.

पलीकडे नदी नव्हतीच. तिथं सरोवर होतं! घळ काठोकाठ भरत आली होती. जिथं उंच झाडं होती तिथं नुसते शेंडे दिसत होते. पाणी माथ्यापासून जेमतेम चार हात खाली होतं. मामानं काठी रोवली, तासभर वाट बघितली आणि चेहरा पाडून म्हणाला, "तासाला एक वीत चढतंय. चार हात म्हणजे आठ वीत, त्यातली एक गेली. संध्याकाळपर्यंत पाणी माथ्यावरून वाहणार. आणि ही माती त्यापुढे टिकायची नाही."

"म्हणजे आपलं काम सोपं झालं," साहेब म्हणाले. "पायथ्याशी बार घाला."

"साहेब, पायथ्याशी बार घातला तर गावाला पाणी नाही मिळणार. पाण्याला गाव मिळेल!"

"आदेश तोच आहे, बाई."

"आदेश काढणाऱ्यानं हे पाणी बघितलंय का? खाली माझी बहीण आहे, तिची पोरं आहेत. तुमची आई आहे. निरोप पोचवायला दोन दिवस लागतील आणि आपल्या हातात सात तास आहेत."

साहेबांनी पाण्याकडे पाहिलं. आईचं नाव निघाल्यावर त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. ते म्हणाले, "मग करायचं काय?"

ठिणगीनं बोट दाखवलं. ढिगाऱ्याच्या डाव्या अंगाला घळीची भिंत पातळ झाली होती. ढिगाऱ्याइतकीच उंच, पण दोन हात जाडीची, काळ्या कातळाची. "माती वाहून जाते, हा कातळ जाणार नाही. त्यात दोन हात खोल खाच पाडू. पाणी बेतानं बाहेर पडेल."

"पण भिंतीपलीकडचा ओढा गावाच्या खालच्या अंगाला उतरतो! पंपघर कायमचं कोरडं पडेल."

दोघांनीही मामाकडे बघितलं. मामानं नाक पुसलं. "पंपघर म्हणजे चार भिंती. माझं सगळं आयुष्य गेलं तिथं, पण त्यात गाव बुडवू का? उचल घण, पोरी!"

मग काम सुरू झालं. मामा पहार धरायचा, ठिणगी घण घालायची. दर घावाला पहार फिरवायची, भुकटी काढायची, पुन्हा घाव. मामाची पकड सुटू लागली तेव्हा साहेब पुढे सरसावले. त्यांच्या तळव्यांना फोड आले, फुटले, रक्त आलं, तरी पहार हलली नाही. वरून अधूनमधून दगड येतच होते. एक साहेबांच्या खांद्यावर बसला आणि ते कळवळून खाली बसले.

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं मान वर केली आणि डोंगरावर ओरडली, "आण! अजून आण! नदी अडवलीस, आता आम्हाला अडवून दाखव!"

डोंगरानं आणखी एक दगड टाकला. तिनं तो चुकवला आणि घण उचलला.

सहा तासांत नऊ भोकं झाली. नऊ कांड्या आत गेल्या, वर माती ठासली. दोन कांड्या तिनं कमरेला ठेवल्या. वाती पेटल्या. तिघं पळाले, एका मोठ्या खडकामागे पडले. ठिणगी मोजू लागली.

धडाम! एक. दोन, तीन! कान बधिर झाले. सात. आठ.

नववा आलाच नाही.

धूर विरला. खाच पडली होती, पण नेमकी मधोमध कातळाची एक जाडजूड पाचर उभी होती आणि तिच्या पोटात न फुटलेला बार होता. तिच्या बाजूनं पाण्याची नुसती धार गळत होती. इकडे ढिगाऱ्याच्या माथ्यावरची माती ओली होऊन ढासळू लागली होती.

"जा ना, बाई! बघताय काय?" साहेब ओरडले.

"अर्धा तास थांबायचं."

"अर्ध्या तासात सगळं जाईल!"

तिनं डावा हात त्यांच्यापुढे धरला. "ही करंगळी घाईनंच गेली. मी मेले तर ती पाचर कोण फोडणार? तुम्ही?"

अर्धा तास! मामा डोळे मिटून बसला. साहेब ढासळणारी माती बघत होते. ठिणगी फक्त घड्याळ बघत होती. काटा पोचताच ती वाकून धावली. नव्या भोकाला वेळ नव्हता. पाचरीच्या बुडाशी एक भेग होती. दोन्ही कांड्या तिथं दाबल्या, वर ओंजळी भरभरून चिखल लिंपला, वात पेटवली आणि ती उलट पळत सुटली. खडक गाठायच्या आतच मागे एकदम दोन स्फोट झाले. तिच्या कांड्यांबरोबर रुसून बसलेला नववाही फुटला होता!

ती तोंडावर आपटली. कानात नुसतं शिट्टी वाजल्यासारखं झालं. मान वळवून पाहते तर काळ्या कातळातून पांढरंशुभ्र पाणी झेप घेत होतं! हात-हात जाडीचं, गर्जत, पलीकडच्या ओढ्यात. मामाच्या काठीवर पाणी आता चढत नव्हतं. तासाभरानं तिच्यावर बोटभर ओला पट्टा उघडा पडला. साहेब खाली बसून लहान मुलासारखे रडले.

दोन दिवसांनी तिघं लंगडत गावात आले तेव्हा चौकात लोक वाट बघत होते. जल्लोष कुठला! पिठाच्या गिरणीचा मालक सगळ्यांच्या पुढे होता.

"नदी आणायला पाठवलं होतं तुम्हाला! ती तिकडे खाली, चुकीच्या बाजूनं वाहतेय. जुन्या वाटेनं आणा तिला. नाहीतर दुसरा सुरुंगवाला बघू!"

ठिणगीला अजून नीट ऐकू येत नव्हतं, पण एवढं कळलं. ती त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

"बघा की. पण आधी त्याला त्या ढिगाऱ्यावर उभं करा आणि पलीकडचं पाणी दाखवा. त्यानंतरही त्यानं बार भरला, तर त्याच्या आधी मी तिथं बसलेली असेन. नदी जिवंत आहे, तुम्ही जिवंत आहात. ती आता इकडे येणार नाही. आपण तिच्याकडे जायचं."

"आणि पंप?"

"तो मी आजच सोडवायला घेतो, खाली ओढ्यावर नेऊन बसवू," मामा मागून म्हणाला.

पंपघराच्या भिंतीशी लांबलचक लोखंडी पाइप रचलेले होते. ठिणगीनं पट्ट्या बांधलेल्या हातांनी पहिल्या पाइपाचं एक टोक खांद्यावर घेतलं. क्षणभर कुणी हललं नाही. मग फाटक्या कोटातले साहेब गर्दीतून पुढे आले, दुसरं टोक उचललं, आणि दोघं उताराच्या दिशेनं चालू लागले.