उत्तराचा कंदील

भुताखेतांच्या गोष्टी मला लहानपणापासून कंटाळवाण्या वाटतात. रोह्याच्या केंद्रात इंटरनेटच्या केबलमधलं फायबर जोडायचं शिकायला गेले, तेव्हा भीती एकच होती, नापास होण्याची. पास झालीस तर हीच नोकरी, नाहीतर डोलवीला कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भांडी, हे बाबांनी आधीच सांगून टाकलं होतं.

परीक्षेला खरं काम मिळालं आणि ते नेमकं आमच्याच पेणच्या खारपट्टीत निघालं. खाडीच्या बांधावरून गेलेली केबल उघाडीपाशी, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायच्या दारापाशी, तुटली होती. शिकवणारे दिनानाथ सर आणि मी बांधावर, माझा जोडीदार सुशील पेणच्या टोकाला. अवसेची भरती दुपारी चढणार होती. त्याआधी जोड व्हायला हवा होता.

सुशीलने तिकडून लाल लेझर पेन लावायचं आणि मी तुटल्या टोकाशी लाल दिसतो का बघायचं. दिसला म्हणजे मधली वाट धड. पण त्या केसाएवढ्या काचेत डोळा घालायचा नाही, उजेड तळहातावर घ्यायचा, हे सरांनी आमच्याकडून घोकून घेतलं होतं.

छत्रीच्या सावलीत मी तपकिरी फायबर हातावर धरलं. चिखलाचा, कुजलेल्या गवताचा वास येत होता. आणि तळहातावर लाल ठिपका उमटला, कुंकवाच्या टिकलीएवढा. मी क्षणभर परीक्षाच विसरले. एवढी गावं, एवढी खाडी ओलांडून तो उजेड माझ्या हातावर येऊन बसला होता.

मी सुशीलला फोन लावला. "आला रे. पण लुकलुकतं कशाला ठेवलंयस?"

तो हळूच म्हणाला, "गो... मी अजून केबलच्या खोलीच्या बाहेरच हाय. चावी नाय मिळाली. पेन माझ्या खिशात हाय."

ठिपका तीनदा पेटला. थांबला. पुन्हा तीनदा... पेन एकसारखं लुकलुकतं, असं थांबत नाही.

तो इशारा मला ठाऊक होता. पूर्वी उधाणाला आमच्या बांधावर राखण असायची. बांध फुटायला लागला की राखणदार कंदील तीनदा वर करायचा. गावातून कुणीतरी एकदा कंदील दाखवून उत्तर द्यायचं आणि ते मिळेपर्यंत राखणदाराने बांध सोडायचा नाही. एका अवसेला कमळाकर राखणदाराला उत्तर मिळालं नाही, गाव झोपलं होतं. तो कंदील दाखवत तिथंच उभा राहिला, असं बाबा सांगतात. पुढे तो कुणाला दिसला नाही.

"सर, उठा. बांध सोडू."

"जोड पुरा कर गो. आता सोडलंस तर मला पास नाय करता येणार तुला."

सर हे रागाने नाही, काळजीने म्हणाले. मी हाताकडे पाहिलं. ठिपका आता घाई करत होता. मी सगळं तिथंच टाकलं, सरांचा हात धरला आणि त्यांना ओढतच पळत सुटले.

रस्त्याला लागलो तेव्हा मागे काहीतरी जड खचल्याचा आवाज झाला. वळून पाहिलं तर छत्री नव्हती, जोडायचं मशीन नव्हतं, उघाडीही नव्हती. पाणी शेतात शिरत होतं. सर रस्त्यावरच बसले आणि कितीतरी वेळ माझा हात सोडेनात.

परीक्षा पुन्हा झाली, रोह्याला, टेबलावर. मातीत कधीच न गेलेल्या फायबरची कोरी गुंडाळी. एक टोक माझ्याकडे, दुसरं समोर सुशीलकडे. मी टोक कापलं आणि सवयीने तळहातावर धरलं.

लाल. तीनदा. थांबला. पुन्हा तीनदा...

पेन टेबलावर पडलेलं होतं. सुशील माझ्या हाताकडे बघत होता. खरं तर मी घाबरायला हवं होतं, पण माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत कमळाकरला उत्तर कुणी दिलंच नव्हतं. त्याने आमचा जीव वाचवला, तरी मीही नाही.

मी पेन उचललं, टोकाला लावलं आणि एकदाच उजेड सोडला. मग पुन्हा तळहात धरला. तो कोराच राहिला.

सुशील आपलं टोक हातावर धरून बसला होता. "गो," तो कुजबुजला, "तुझा उजेड इकडं आलाच नाय..."

सरांनी गुंडाळी तपासली. काच कुठेही तुटलेली नव्हती. त्यांनी मला पास केलं, आणि उजेड कुठं गेला ते मात्र विचारलं नाही.